काट्यांचा ठसा

करडईच्या तेलात भिजलेल्या गंजाला एक कडसर, ओला वास असतो. आज सकाळपासून तो माझ्या बोटांना चिकटून बसला आहे. पुढ्यात जुनं वर्तमानपत्र अंथरलंय आणि त्यावर एक घडीचा चाकू अर्धवट उघडून पडला आहे. परवा भंगारवाल्याच्या पोत्यात हाताला लागला. पात्याला धरणारी कमान गंजून आवळली होती, पातं मुठीतून बाहेर यायला तयार नव्हतं. तेलात बुडवून ठेवला, आणि आज अंगठ्याचं नख घालून हळूच ओढला, तेव्हा म्हाताऱ्या माणसानं गुडघा सरळ करावा तसा कुरकुरत उघडला. मग चिंधीनं पात्याचं बूड पुसायला घेतलं. काळ्या-तांबड्या चिखलातून आधी एक काना वर आला, मग एक वेलांटी, मग सगळं नाव. ते नाव वाचलं आणि इतक्या वर्षांनंतरही माझ्या अंगाची लाही लाही झाली. वय झालं की राग निवतो असं लोक सांगतात. त्यांचा निवत असेल.

मला जुने चाकू जमवायचा नाद आहे. बाईमाणसाला असला नाद असावा याचं लोकांना भारी नवल वाटतं; अडकित्ते जमवले असते तर कुणी हूं की चूं केलं नसतं. शाळामास्तरीण म्हणून माझ्या सारख्या बदल्या व्हायच्या, आणि ज्या गावी जाईन तिथल्या आठवडी बाजारात मी भाजीच्या आधी भंगाराच्या ओळीत शिरायची. तेरखेड्याला होते तेव्हा पोरं मागून ‘चाकूवाल्या बाई’ म्हणायची आणि मी वळून पाहिलं की तीच पोरं शेजारच्या फटाक्यांच्या दुकानात काहीतरी फार महत्त्वाचं बघत उभी राहायची. मोठ्या नावाच्या विलायती चाकूंशी मला देणंघेणं नाही. त्यांचं कौतुक करायला साहेबलोक पुष्कळ आहेत. माझ्याकडचे चाकू ज्यांची कुणी कुठं नोंद केली नाही अशा हातांचे आहेत. एकावर मासा आहे, एकावर नुसत्या तीन रेघा. निजामाच्या अमलातल्या एकावर उर्दूतलं एकच अक्षर आहे, बाकी सगळं झिजून गेलंय. कानडी मुलखातून आलेल्या एकाची मूठ चिंचेच्या गाभ्याची आहे, हातात धरली की अजून गार लागते. चाकू ओळखायचा तर ठसा सगळ्यात शेवटी बघावा. आधी तो तळहातावर तोलावा, मग पाठीवरून बोट फिरवावं, आणि कानाजवळ नेऊन मिटावा. कमान बसतानाचा आवाज प्रत्येक कारागिराचा वेगळा असतो, माणसाच्या खोकल्यासारखा.

हे सगळं मी लोकांना फार रंगवून सांगते आणि लोकही मान डोलावतात. पण तुम्ही माझ्यासारखेच जुन्या वस्तूंत जीव अडकलेले दिसता, म्हणून तुम्हाला खरं सांगते. हा नाद नाही. हा डूख आहे. मासा, रेघा, उर्दू अक्षर, हे सगळे वाटेत भेटलेले सोबती. मी निघाले होते ती एकाच माणसाचं उट्टं काढायला.

माझे वडील ईट गावचे लोहार. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. विळे, खुरपी, कुऱ्हाडी हे पोटाचं काम. घडीचे चाकू हे त्यांचं मनाचं काम. निजामाचा अंमल संपून विलीनीकरण झाल्यावर आमच्याकडच्या रस्त्यांवर मोटारी आणि लॉऱ्या वाढल्या आणि त्या रस्त्यांच्या कृपेनं गाड्यांखालचे स्प्रिंगचे पाटेही भरपूर मोडू लागले. दादांना त्याचा केवढा आनंद! मोडका पाटा खांद्यावर टाकून यायचे तेव्हा घरी बाळंतपण होऊन मुलगा झाल्यासारखा चेहरा असायचा. त्या पोलादाची पाती व्हायची. पातं घडवून झालं, की भट्टीत लाल असतानाच त्याच्या बुडाशी ते आपला ठसा मारायचे: बाभळीच्या काट्यांची जोडी. दोन काटे, बुडाशी जुळलेले, टोकं दोन दिशांना. अक्षरओळख नव्हती, म्हणून ही त्यांची सही. ठसा मारून झाला की पातं करडईच्या तेलात जायचं. तेलातून चर्र असा आवाज आणि निळा धूर यायचा, आणि तो वास आमच्या कपड्यांना, भाकरीला, माझ्या शाळेच्या पाटीला यायचा. मूठ मात्र शेजारच्या चाचांची. ते म्हशीचं शिंग कापून, घासून अशी मूठ करायचे की उन्हात धरली तर कडेनं मधासारखी दिसायची. पातं दादांचं, मूठ चाचांची, आणि मिटल्यावर दोन्ही एका घरातली.

दादांचा एक नेम होता. चाकू कुणाच्या हातात द्यायचा नाही. उघडं असो वा मिटलेलं, पातं हातातून हातात गेलं की त्या दोघांत वैर येतं, आणि ते काही केल्या मिटत नाही, असं आमच्याकडं सगळेच मानतात. मिरच्यासुद्धा आम्ही हातात देत नाही, मग चाकू कसा देणार? दादा गिऱ्हाइकापुढं चाकू जमिनीवर ठेवायचे आणि मागं सरायचे. त्यानं वाकून उचलायचा. घरच्या माणसांनाही तसंच. लहानपणी मी एकदा हात पुढं केला तर म्हणाले, "न्हाय गं बाई. तुझं नि माझं कशाला बिघडाया पायजे?"

तुळजापुरात देवळाच्या वाटेवर एका शेठचं दुकान होतं. कुंकू, कवड्यांच्या माळा, पितळी भांडी आणि चाकू-सुऱ्या. दादांचे बरेचसे घडीचे चाकू तोच घ्यायचा. त्याच्या फळीवरही एक पितळी ताट असायचं, चाकू त्यात ठेवायचा आणि त्यातूनच उचलायचा. दादा चाकूंचं गाठोडं त्या ताटाशेजारी सोडायचे, शेठ ते आत नेऊन ठेवायचा. बाहेर मांडलेला माल बघायला दादा कधी थांबले नाहीत. परतीची मोटार गाठायची असायची. घरी येऊन मात्र चाचांना सांगायचे, "देवीला येत्यात ती मानसं कुठनं कुठनं येत्यात. माझं काटं पार सोलापूरपतुर गेल्याती." चाचा म्हणायचे, "मंग मूठ बी गेली की, भाऊ. पातं काय चालत जातंय व्हय?" आणि दोघं पोट धरून हसायचे.

मग जिल्ह्याच्या ठिकाणी एक मोठं प्रदर्शन भरलं. बैल, बियाणं, हातमागाची घोंगडी, आणि एका मांडवात कारागिरीच्या वस्तू. मी तेव्हा मास्तरकीच्या शिक्षणाला होते, सुटीवर आले होते, म्हणून दादा आणि चाचा मलाही घेऊन गेले. कारागिरीच्या मांडवात पहिल्या नंबराची फीत लावलेलं एक टेबल होतं आणि त्यावर लाल कापडावर घडीचे चाकू पसरले होते. टेबलामागं तुळजापूरचा शेठ, फेटा बांधून. दादा ओळखीचा माणूस भेटल्याच्या आनंदानं पुढं गेले. एक चाकू उचलला, मिटला, कानाशी नेला आणि त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी पात्याचं बूड पाहिलं. काटे नव्हते. काटे होते तिथं घासून गुळगुळीत केलं होतं आणि त्यावर अक्षरं होती.

"शेट," दादा म्हणाले, "ह्यो माझा चाकू हाय."

बक्षीस देणारे दोन-तीन साहेब तिथंच उभे होते. शेठचं तोंड क्षणभर उतरलं, मग तो हसला. "तुझा? नाव तर वाच की वरचं."

दादांनी चाकू माझ्यापुढं धरला, आणि अगदी साध्या, विश्वासाच्या आवाजात म्हणाले, "वाच गं. काय लिवलंय?" त्यांना वाटलं असेल, लिहिलेलं खरंच असतं. मी वाचलं. शेठच्या दुकानाचं नाव, काना-वेलांटीसकट, त्या मांडवात माझ्या तोंडून मोठ्यानं बाहेर पडलं. शेठ साहेबांकडं वळून म्हणाला, "ऐकलं का? पोरगी शिकल्याली हाय त्याची, खोटं न्हाय बोलायची." मांडव हसला. चाचा पुढं होऊन सांगू लागले, "साहेब, मूठ माझी हाय. शिंग म्या कापलंय, कसम घिऊन सांगतो." पण हसण्यात ते बुडून गेलं. आणि दादांनी काय केलं? त्यांनी चाकू मिटला आणि शेठच्या पुढं टेबलावर हळूच ठेवला. हातात दिला नाही. त्या माणसाशीसुद्धा वैर नको म्हणून!

चोरी मी एक वेळ विसरले असते. चोरटे कुठं कमी आहेत? पण दादांनी मला पोटाला चिमटा घेऊन शिकवलं होतं, आणि मी शिकलेल्या पहिल्या चार अक्षरांचा त्यानं दादांच्याच तोंडात मारायला उपयोग केला. त्या संध्याकाळी परतीच्या मोटारीत आम्ही तिघंही खिडकीबाहेर बघत बसलो. दादांनी त्यानंतर घडीचा चाकू केला नाही. विळे, खुरपी, कुऱ्हाडी. काट्यांचा ठसा एका चिंधीत गुंडाळून आढ्याला अडकवला. मी कधी विषय काढला तर म्हणायचे, "जाऊ दे. देवी बघून घेईल." देवी तर त्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर होती आणि मला तिचा इतका धीर धरवत नव्हता.

नोकरी लागल्यावर मी शेठच्या नावाचे चाकू शोधू लागले. तेव्हा डोक्यात काही योजना नव्हती, नुसती खुमखुमी होती. गुराख्यांकडं, पानमळ्यात, न्हाव्यांकडं, जुन्या बाजारात, जिथं मिळेल तिथं ते चाकू मी घेत गेले. आणि हळूहळू माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. त्यातले बरेचसे मोडके होते, आणि सगळे एकाच जागी मोडले होते. नावाशी. लोक ते देताना म्हणायचेच, "घ्या बाई, त्या दुकानाचा माल टिकत न्हाय." उलट, दादांनी ईटच्या बाजारात स्वतः विकलेले, काट्यांची जोडी असलेले चाकू म्हातारे झाले होते, झिजून बारीक झाले होते, पण मोडलेला एकही दिसला नाही.

मी भिंग घेऊन बसले. लोहाराच्या पोरीला ते कळायला वेळ लागला नाही, उलट आधी का कळलं नाही याचाच राग आला. दादा लाल पात्यावर ठसा मारायचे, मग तेलात बुडवून त्याला पाणी द्यायचे, म्हणजे कडक करायचे. म्हणून काट्यांच्या तळाशी भट्टीचा काळेपणा मुरलेला असायचा. शेठ तयार, कडक झालेल्या गार पात्यावर हातोड्यानं आपलं नाव ठोकायचा. अक्षरं उथळ, तळ पांढरा, कडा वर आलेल्या, आणि कुठल्यातरी अक्षराच्या कोपऱ्यातून केसाएवढी चीर निघालेली. आयुष्यभर चाकू विकले, पण पाणी दिलेल्या पोलादावर घाव घालू नये हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं आपलं नाव लावलं आणि तिथंच चाकूचा घात झाला. त्या दिवशी मी वर्गातल्या पोरांना घसा बसेस्तोवर गाणी म्हणायला लावली. इतका आनंद मला पगारवाढीचाही झाला नव्हता.

अश्विनी पौर्णिमेला तुळजापुरात पाय ठेवायला जागा नसते. मुद्दाम तोच दिवस निवडला. शेठ थकला होता, पण फेटा तसाच होता. मी गिऱ्हाइकांत उभी राहिले आणि पिशवीतून त्याच्या नावाचा एक न मोडलेला चाकू काढून त्याच्या पितळी ताटात ठेवला.

"ह्यो तुमच्याच दुकानचा का?"

"व्हय की. नाव हाय वर."

"जरा वाचता का मोठ्यानं? गर्दीत मला धड दिसंना."

त्यानं वाचलं. आपलं नाव वाचायला कुणाला आवडत नाही? मी विचारलं पातं कसं आहे. म्हणाला, दगडावर मारा. मी म्हणाले, दगड कशाला, टोक फळीवर टेकवून जरा दाबून दाखवा. त्यानं ऐटीत दाबलं. टच्च! पातं नावाशी मोडून ताटात पडलं. गिऱ्हाइकं वळली. शेठ म्हणाला, एखादा निघतो तसा. मी दुसरा काढला, म्हणाले, ह्याच्यावरचं वाचा. मग तिसरा. तिसऱ्याला त्याचा आवाज बारीक झाला होता, पण मागून कुणीतरी म्हणालं, "मोठ्यानं वाचा की, शेट," आणि लोक हसले. ते हसणं मी ओळखत होते. मग मी काट्यांच्या जोडीचा चाकू काढला, टोक त्याच्याच फळीवर टेकवून सगळा भार दिला. पातं वाकलं आणि सोडल्याबरोबर सरळ झालं.

"ह्याच्यावर नाव न्हाय," मी म्हणाले. "काटे हायेत. तुमी बाकीच्या चाकूंवरनं घासून काढलेले."

त्यानं वाकून माझा चेहरा न्याहाळला. "तू... तुमी ईटच्या लोहाराच्या?"

"व्हय. शिकल्याली हाय. खोटं न्हाय बोलायची."

त्यानं आवाज खाली आणला. "बाई, आत या. बसून बोलू. काय असंल ते मिटवून टाकू." आणि सवयीनं पितळी ताट माझ्यापुढं सरकवलं. त्या ताटाकडं बघून मला मांडवातलं टेबल आठवलं, आणि त्यावर हळूच चाकू ठेवणारा दादांचा हात. मी नावाचं थोटूक अडकलेली एक मूठ उचलली, ताटाला वळसा घातला, शेठचा हात धरला आणि ती त्याच्या तळहातावर ठेवली. हातातून हातात. शेजारच्या दोन बाया "अगं बया" म्हणून मागं सरल्या. निखारा पडल्यासारखा त्यानं हात झटकला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. मी बाकीचे तुकडे गोळा केले आणि दर्शन न घेताच मोटारतळ गाठला.

घरी दादा ओट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं. हातात दिल्याचं मात्र सगळ्यात शेवटी सांगितलं, कारण त्यांचा नेम मी मोडला होता, तोही देवीच्या दारात. मला वाटलं आता बोलणी बसणार. दादांनी ओट्यावरनं पाय खाली सोडले. मग म्हणाले, "त्यानं वाचलं?"

"वाचलं."

"मोठ्यानं?"

"व्हय. लोकांनी पुन्यांदा वाचाया लावलं."

"हासली का लोकं?"

"लई हासली, दादा."

"मग ब्येस," ते म्हणाले, आणि गुडघ्यांवर हात टेकून उठले. इतकी वर्षं मी समजत होते की माझ्या बापानं सोडून दिलंय. त्यांनी काहीच सोडलं नव्हतं. देवीचं नाव पुढं करून तेही माझ्यासारखेच दात धरून बसले होते, फक्त त्यांचे दात दिसत नव्हते. त्यांनी आढ्याची चिंधी काढायला सांगितली. चाचांकडून शिंगाचा तुकडा आला. दादांना आता भाता ओढवत नव्हता, तो मी ओढला, आणि घरात पुन्हा करडईच्या तेलाचा निळा धूर झाला. त्यांच्या हातचा तो शेवटचा घडीचा चाकू. तयार झाला तेव्हा त्यांनी तो माझ्यापुढं जमिनीवर ठेवला आणि मागं सरले. मी वाकून उचलला. आमच्या दोघांत कधी काही बिघडलं नाही.

त्या दिवसानंतर शेठचं दुकान बसलं, असं सांगायला मला फार आवडलं असतं. तसं काही झालं नाही. पुढच्या जत्रेपर्यंत लोक विसरले, दुकान चाललं, मग पोरांनी विकलं. आता तिथं खेळणी आणि पिशव्या मिळतात. शेठ गेला, चाचा गेले, दादाही गेले. लॉऱ्यांचे पाटे अजून मोडतात, पण त्यांचे चाकू करणारं कुणी उरलं नाही. काळ सगळ्यांची नावं सारखीच घासतो म्हणतात. खरं असेल, पण तो फार सावकाश घासतो, आणि मला तेवढा दम नाही.

म्हणून आत्ता, भिंगातून ती केसाएवढी चीर दिसल्यावर, मी पुढ्यातला चाकू घेऊन उंबऱ्याशी गेले. घरात कुणी नव्हतं, तरी आधी ते नाव मोठ्यानं वाचलं. मग टोक उंबऱ्यावर टेकवून दाबलं. पातं जिथं मोडायचं तिथंच मोडलं. चाचांची मूठ मी वेगळी काढून ठेवेन, तिचा काही दोष नाही. नावाचं थोटूक भंगारात जाईल. उरतं ते मोडल्या जागेपासून टोकापर्यंतचं पातं. ते निव्वळ दादांचं, आणि अशा पात्यांचा माझ्याकडं एक डबा भरला आहे. आजच्या पात्याला त्या नावातली अर्धी वेलांटी चिकटून आली होती. दगडावर तेलाचे दोन थेंब टाकले आणि ती मी घासून काढली.